आधी वाट, मग वस्ती



गेल्या महिन्यात बदलापूरच्या पलीकडच्या एका गावातून एका ताईंचे पत्र आले. नाव-गाव छापू नका, असे त्यांनी बजावले आहे, म्हणून छापत नाही. पत्रातली हकिगत थोडक्यात अशी. घरची दोन एकर जमीन. निम्मी भाताची खाचरे, निम्मी वरकस. तीन भाऊ, दोन बहिणी. सासरे आता थकले. भात पिकवून हाती फारसे उरत नाही आणि आसपास तर इमारती उठू लागल्या आहेत. एक दलाल रोज ओटीवर येऊन बसतो. म्हणतो, "गुंठा-गुंठा पाडून देतो. मधून बारा फुटी रस्ता सोडू. गिऱ्हाईक तयार आहे, तुम्ही फक्त सही करा." मोठे दीर सहीला तयार आहेत. ताईंच्या मनात मात्र पाल चुकचुकते आहे. त्या विचारतात, "भाऊ, आमच्या गावातली गल्ली तर आठच फुटांची आहे. मग बारा फुटांत वाईट काय? आणि नियम नियम म्हणतात, ते आहेत तरी कशासाठी?"

ताई, प्रश्न लाखमोलाचा आहे. तुमच्यासारखीच ओटीवरची बैठक आज ठाणे जिल्ह्यात घरोघर चालू आहे, म्हणून उत्तर सगळ्यांसाठी लिहितो. जमीन विकावी की राखावी, हे मी सांगणार नाही; तो घरच्यांनी एकत्र बसून घ्यायचा निर्णय. पण तुकडे पाडायचेच ठरले, तर एक गोष्ट पदराला गाठ मारून ठेवा. कागदाची चूक नंतर निस्तरता येते, रस्त्याची चूक नंतर निस्तरता येत नाही.

गावातली आठ फुटी गल्ली का चालते? कारण घरामागे परसू असते. सांडपाणी अळूच्या वाफ्यात जिरते. घर एकमजली, माणसे मोजकी, आणि गल्ली संपली की शेत. आता त्याच गल्लीच्या दोन्ही बाजूंना गुंठ्या-गुंठ्यावर तीन-तीन मजले चढले असे समजा. एका घराच्या जागी सहा बिऱ्हाडे आली. त्यांचे सांडपाणी, संडास, पाण्याची नळी, विजेची तार आणि उभ्या मोटरसायकली, सगळे त्या एका गल्लीत. पहिल्या वर्षी पायऱ्या पुढे येतात, दुसऱ्या वर्षी ओटा, तिसऱ्या वर्षी ओट्यावर पत्रा. बाराचे सहा फूट कधी होतात ते कळतही नाही. मग रात्री-अपरात्री कोणी बाळंतीण अडली, तर गाडी नाक्यावर उभी आणि बाई खुर्चीवर उचलून न्यायची पाळी.

याचा धडा पाहायला लांब जायला नको. तुम्ही कल्याणच्या बाजाराला जाता, तेव्हा वाटेत उल्हासनगर लागते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तेथे लष्कराची मोठी छावणी होती, कल्याण कॅम्प म्हणत. दोन हजारांवर बराकी, मधून सरळ रस्ते. 1947 साली फाळणी झाली आणि घरदार सोडून आलेल्या सुमारे लाखभर सिंधी निर्वासितांना सरकारने या बराकींतून आसरा दिला. 8 ऑगस्ट 1949 रोजी त्या वेळचे गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि छावणीचे उल्हासनगर झाले. सर्वस्व गमावून आलेल्या या माणसांनी बराकीतच चूल मांडली आणि बराकीतच कारखाने काढले. त्यांच्या कष्टाला तोड नाही. पण बराक बांधली होती ती सैनिकांनी काही दिवस मुक्काम करावा म्हणून. कुटुंब वाढले, धंदा वाढला. बराकीपुढची मोकळी जागा आत आली, मग वर मजले चढले. जागा सारी मिळून तेरा चौरस किलोमीटरच्या आसपास, आणि 2011 च्या जनगणनेत माणसे पाच लाखांवर.

पुढे तेथे परवानगी नसलेल्या इमारती इतक्या झाल्या, की 855 इमारतींचे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि त्या पाडण्याचे आदेश निघाले. हजारो बिऱ्हाडे रस्त्यावर येतील म्हणून सरकारला 2006 साली खास उल्हासनगरपुरता कायदा करावा लागला. दंड भरा आणि बांधकाम नियमित करून घ्या, असा. आता पाहा, कायद्याने कागद नियमित होऊ शकतो. पण गल्ली त्याने एक इंच तरी रुंद होते का? कच्चा स्लॅब पक्का होतो का? 2021 च्या मे महिन्यात, अवघ्या दोन आठवड्यांच्या अंतराने, उल्हासनगरात दोन जुन्या इमारतींचे स्लॅब कोसळले आणि झोपल्या-बसल्या जागी माणसे गेली. कल्याण-अंबरनाथ रस्ता रुंद करायची वेळ आली, तेव्हा कडेची दुकाने तोडावी लागली. जो रस्ता आधी आखला असता तर फुकटात मिळता, तो नंतर लोकांची छपरे काढून मिळवावा लागतो.

रस्त्याची जशी ही कथा, तशीच पाण्याची. अंबरनाथचे शिवमंदिर तुम्ही महाशिवरात्रीला पाहिले असेल. शके 982, म्हणजे इसवी सन 1060 चा त्यात शिलालेख आहे. मंदिर ज्या वालधुनी नदीच्या काठी उभे आहे, तीच नदी पुढे उल्हासनगरातून कल्याणकडे जाते. या वाटेवर दोन्ही काठ घरांनी आणि कारखान्यांनी आवळले, सांडपाण्याला दुसरी वाटच ठेवली नाही, म्हणून ते नदीत सुटले. आज परक्या माणसाला ही नदी आहे असे सांगितले तर तो विश्वास ठेवणार नाही. मात्र 26 जुलै 2005 ला तिने आपण नदी आहोत याची सगळ्यांना आठवण करून दिली. पाणी आपली जुनी वाट विसरत नाही, माणूस विसरतो.

आता तुमच्या बदलापूरकडे या. 2001 च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूरची वस्ती लाखाच्या आत होती. 2011 मध्ये ती पावणेदोन लाखांच्या घरात गेली. ही माणसे राहायला आली कोठे? जेथे काल भात लावला जात होता त्या खाचरांत. खाचर म्हणजे पाणी धरून ठेवणारे ताट. त्यात भराव टाकला की ते पाणी शेजारच्याच्या दारात जाते. 27 जुलै 2019 रोजी उल्हास नदीच्या पुरात बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली आणि हजारभर प्रवाशांना बोटींतून बाहेर काढावे लागले, ते तुम्ही डोळ्यांनी पाहिले असेल. अशा नदीकाठी पाटबंधारे खाते दोन रेषा आखते. निळी रेषा म्हणजे साधारण पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची हद्द. लाल रेषा म्हणजे शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत घर बांधायचे नाही. निळ्या-लालच्या मधे बांधायचे तर अटी पाळून. दलालाला पहिला प्रश्न हाच विचारा की आमचे खाचर कोणत्या रेषेत येते? उत्तर देताना तो घुटमळला, तर समजून घ्या.

आता ताईंच्या दोन एकरांचा हिशेब मांडू. दोन एकर म्हणजे ऐंशी गुंठे. सोपे जावे म्हणून समजू की शेत 90 मीटर लांब आणि 90 मीटर रुंद आहे, म्हणजे 8,100 चौरस मीटर. नियमाप्रमाणे रेखांकन, म्हणजे ज्याला आपण लेआऊट म्हणतो ते, करायचे तर आतला लहानातला लहान रस्ताही सर्वसाधारणपणे 9 मीटर लागतो. रस्त्याची लांबी वाढली की रुंदीही वाढवावी लागते. अशा दोन रस्त्यांना 1,620 चौरस मीटर गेले, म्हणजे सोळा गुंठे. जमीन 4,000 चौरस मीटरहून मोठी असली, की दहावा हिस्सा मोकळा ठेवावा लागतो. ते आठ गुंठे गेले. विकायला उरले सुमारे छप्पन गुंठे. दलालाच्या बारा फुटी हिशेबात साडेसहा गुंठे रस्त्यात जातात आणि मोकळी जागा शून्य. विकायला त्र्याहत्तर गुंठे. म्हणजे दलाल म्हणणार, "नियमाच्या नादी लागाल तर सतरा गुंठ्यांना मुकाल."

वरवर पाहता त्याचे खरे आहे. पण या सतरा गुंठ्यांत असते काय, ते पाहा. 9 मीटर म्हणजे साडेएकोणतीस फूट. एक गाडी कडेला उभी असताना समोरासमोरच्या दोन गाड्या निघून जातात. आगीचा बंब येतो. दोन्ही अंगांना पावसाच्या पाण्याची गटारे बसतात. एका अंगाने पिण्याच्या पाण्याची नळी जाते, तिच्यापासून लांब आणि खालून मैल्याची नळी. या दोन नळ्या एकमेकींना चिकटल्या आणि कोठे झिरपले, की पहिल्याच पावसात घराघरात जुलाब आणि कावीळ. बारा फुटांत त्या लांब ठेवणार कशा? विजेचे खांब हवेत, रोहित्राला जागा हवी. आणि मोकळी जागा म्हणजे पोरांचे खेळणे, म्हाताऱ्यांचा पार आणि जमिनीत पाणी जिरायची शेवटची जागा.

आता भावाचे पाहा. मंजूर रेखांकनातल्या प्लॉटवर बँक कर्ज देते, म्हणून पगारदार गिऱ्हाईक येते आणि नीट दाम मोजते. बिनमंजुरीच्या गुंठ्याला येतो तो अडलेला माणूस. तो अर्धे पैसे देतो, अर्ध्यांसाठी वायदे करतो. छप्पन गुंठे चांगल्या भावाने आणि त्र्याहत्तर गुंठे पडेल भावाने, हा हिशेब तुम्ही घरीच मांडून पाहा.

यात आणखी एक खाच आहे, ती दलाल सांगत नाही. गुंठे विकून झाले, पैसे वाटून झाले, पण मधला बारा फुटी रस्ता सातबाऱ्यावर तुमच्याच नावावर राहतो. नगरपालिका म्हणते, हा रस्ता आमच्या ताब्यात नाही, आम्ही गटार कसे बांधू? वस्तीतली माणसे तुमच्या दारात येतात, "मालक, पाणी तुंबले." विनापरवाना विकासाबद्दल 1966 च्या प्रादेशिक व नगररचना कायद्यात कैद आणि दंड दोन्हींची तरतूद आहे, आणि नोटीस येते ती ज्याचे नाव सातबाऱ्यावर आहे त्याला. दलाल तोवर दुसऱ्या गावच्या ओटीवर बसलेला असतो.

"पण भाऊ, सरकार पुढेमागे सगळे नियमित करते," असेही कोणी म्हणेल. तुकडेबंदीचा कायदा 1947 चा. त्याला डावलून झालेल्या जुन्या व्यवहारांसाठी 2025 साली सरकारने सवलती आणल्या, हे खरे. अडकलेल्या अनेकांची नावे त्यामुळे सातबाऱ्यावर चढतील, चांगलेच आहे. पण उल्हासनगरची गोष्ट विसरू नका. सवलत नावाला मिळते, नाल्याला मिळत नाही.

मग रीतीने करायचे तर कसे? क्रमाने सांगतो.

पहिले काम घरातले. सातबारा, आठ-अ आणि जुने फेरफार काढून घ्या. सातबाऱ्यावरचा 'इतर हक्क' हा रकाना दोनदा वाचा. कुळाची नोंद असेल, बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा असेल, तर तो तेथे दिसतो. कुळकायद्याने मिळालेली जमीन असेल, तर विकण्याआधीच्या अटी तहसील कचेरीत विचारून घ्या. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला सरकारी परवानगीवाचून देता येत नाही. ठाकूर, कातकरी बांधवांनी साध्या कागदावर कोणी अंगठा मागितला तर देऊ नये. आणि बहिणींचे विसरू नका. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे, 2005 पासून देशभर तसा कायदा आहे. भाऊबीजेला साडी आणि दुसऱ्या दिवशी हक्कसोडपत्रावर सही, असे करू नका. मोकळेपणी विचारा, त्यांचा वाटा द्या. रुसलेली बहीण दहा वर्षांनी कोर्टात आली, तर घेणाराही बुडतो आणि देणाराही.

दुसरे, सरकारी मोजणी. भूमी अभिलेख कचेरीत अर्ज करून हद्दी कायम करून घ्या. बांधाचा वाद आधी मिटवा, मग प्लॉटची गोष्ट.

तिसरे, झोन दाखला आणि भाग नकाशा. तुमचा गट रहिवास पट्ट्यात आहे की हिरव्या म्हणजे शेती पट्ट्यात, त्यातून आराखड्यातला रस्ता जातो का, शाळेचे वा बागेचे आरक्षण आहे का, हे त्यावरून कळते. उल्हासनगरात तो महानगरपालिकेकडे मिळतो, अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूरला नगरपरिषदेकडे. पालिकेच्या हद्दीबाहेरच्या गावांनी नगररचना कार्यालयात विचारावे. ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला किंवा घरपट्टीची पावती म्हणजे मंजुरी नव्हे. आरक्षण निघाले तर हातपाय गाळू नका. ती जमीन घेताना मोबदला द्यावा लागतो. तो रोखीने असतो किंवा बांधकामाच्या हक्काच्या रूपाने. आराखडा लागू होऊन दहा वर्षे लोटली आणि जमीन घेतली नाही, तर मालकाला खरेदीची नोटीस देता येते. त्यानंतरच्या चोवीस महिन्यांत पालिकेने हालचाल केली नाही, तर आरक्षण उठते.

चौथे, रेखांकन. परवानाधारक अभियंत्याकडून नकाशा करून घ्या. राज्यातल्या बहुतेक शहरांना डिसेंबर 2020 पासून एकच विकास नियमावली लागू झाली आहे, आपली तिन्ही शहरे तिच्यात येतात. मंजुरी दोन टप्प्यांत असते. आधी तात्पुरती. मग जागेवर दगड रोवून खुणा करायच्या, रस्ते आणि गटारे करायची, त्या खुणांची मोजणी व्हायची, आणि त्यानंतर अंतिम मंजुरी. मग भूमी अभिलेख कचेरीत कमी-जास्त पत्रक होते आणि प्रत्येक प्लॉटला वेगळी ओळख मिळते. रस्ता रस्त्याच्या नावाने लागतो, पुढे पालिकेच्या ताब्यात जातो आणि तुमच्या डोक्यावरचे ओझे उतरते.

पाचवे, विक्री. प्लॉट पाडलेली जागा 500 चौरस मीटरहून मोठी आणि प्लॉट आठांपेक्षा जास्त असतील, तर महारेराकडे नोंदणी झाल्यावाचून जाहिरात किंवा विक्री करता येत नाही. दलाल कुलमुखत्यारपत्र मागेल. सरसकट सगळे अधिकार देणारे मुखत्यारपत्र कोणालाच देऊ नका, सख्ख्या भाच्यालाही नाही. वकिलाला वाचून दाखवा, काय द्यायचे तेवढेच लिहा.

हे सगळे दोन एकरवाल्याला एकट्याने जड जाते, हे मी जाणतो. त्यावरही तोड आहे. शेजारचे चार गट एकत्र करा. शेते वेडीवाकडी असतात, कोणाला रस्ता असतो, कोणाला नसतो. सगळी मिळून एक केली, की रस्ता सगळ्यांच्या वाट्यातून सारखा जातो. मुंबई इलाख्यात 1915 साली नगररचनेचा कायदा झाला तो याच विचारावर. सगळ्यांची जमीन एकत्र धरायची, रस्ते आखायचे आणि प्रत्येकाला थोडा लहान पण चौरस, रस्त्यालगतचा तुकडा परत द्यायचा. आजच्या कायद्यातही ही सोय आहे. पुण्याजवळ हडपसरला मगरपट्ट्याच्या शंभराहून अधिक शेतकरी कुटुंबांनी सुमारे चारशे एकर जमीन एकत्र केली, स्वतःची कंपनी काढली आणि स्वतःच नगर वसवले. जमीन गेली, पण मालकी गेली नाही. आपल्याकडे चारशे एकर नसतील. पण आठ-दहा एकरवाले चार शेजारी तर एका पंगतीला बसतात ना?

आणि जे विकणार नाहीत, नुसतीच भावाभावांत वाटणी करणार आहेत, त्यांनाही हेच सांगणे. वाटणीच्या नकाशात आधी वाट आखा, मग वाटे पाडा. मागच्या भावाला बैल, ट्रॅक्टर न्यायला वाट राहिली नाही, की सख्खे भाऊ तहसीलदारापुढे उभे राहतात. बांधावरून शेतात जायची वाट मागण्याचा हक्क महसूल कायद्याच्या कलम 143 मध्ये आहे खरा, पण ती वाट शेतीपुरती. आणि भावाकडून कायद्याने मिळवलेल्या वाटेवरून सणावाराला कोणी कोणाकडे जात नाही.

ताई, आता तुमचे उत्तर. बारा फूट कमी आहेत. सही थांबवा. दिरांशी भांडू नका, त्यांनाही पोरांच्या शिक्षणाची, घराची काळजी आहे. त्यांना एवढेच म्हणा, "आधी झोन दाखला आणि मोजणी होऊ द्या, मग बसू." दाखला आणि मोजणी या दोन कागदांना जमिनीच्या मानाने खर्च थोडा. दलाल खरा असेल तर तेवढे दिवस थांबेल. थांबत नसेल, तर तो गेला यातच तुमचा फायदा. मग एका संध्याकाळी दोन्ही नणंदांना बोलावून घ्या, सासऱ्यांना मधे बसवा आणि कागदावर आधी रस्ता आखा.

त्या जमिनीवर उद्या घर बांधणारा कोणी कारखान्यातला कामगार असेल, कोणी शिक्षक. तो तुमचे नाव काढील ते किती गुंठे विकलेत यावरून नव्हे. पावसाळ्यात त्याच्या दारातून पाणी निघून गेले की नाही, यावरून.

बैठकीत काय ठरले ते मला जरूर कळवा.

पुढच्या खेपेला सातबाऱ्यावरचा एकेक रकाना कसा वाचायचा, ते पाहू. तोवर आपापले उतारे काढून ठेवा.

कळावे, लोभ असावा.